जीवनाचे प्रयोजन आणि देहाची निगा



फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावर दिंड्यांची रीघ लागते. बिडकीन हे याच मार्गावरचे गाव. पहाटेपासून टाळमृदंगाचा घोष कानी पडू लागतो आणि पाण्याचे टँकर, निवाऱ्याचे मंडप, महाप्रसादाचा शिधा यांच्या नोंदी करता करता कार्यालयातील दिवस केव्हा सरतो ते कळत नाही. दर्शनाच्या वेळा, निवासाची व्यवस्था व देणगीविषयक माहिती आपणास या पुस्तिकेत अन्यत्र मिळेलच. या पानांवर मात्र एका प्रश्नाचा विचार आपल्यासमवेत करावा अशी इच्छा आहे.

प्रश्न असा आहे. ज्याच्या जीवनाला काही प्रयोजन लाभले आहे तो आपल्या देहाची अधिक काळजी घेतो, की त्या प्रयोजनात रमल्यामुळे देहाचा त्याला विसर पडतो? आजार जाणवण्यापूर्वीच वैद्याकडे जाऊन तपासणी करून घेणे हे देहासक्तीचे लक्षण मानावे, की कर्तव्याचे? हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही. दोन माणसांनी तो माझ्यापुढे उभा केला.

पहिले एक वृद्ध विणेकरी. दरवर्षी त्यांची दिंडी आमच्याकडे दुपारच्या विसाव्याला थांबते. एके वर्षी त्यांनी कमरेची पिशवी उघडून तंबाखूच्या जागी एक छोटी वही बाहेर काढली. तिच्यात दर महिन्याच्या रक्तदाबाच्या नोंदी होत्या. मी कौतुकाने विचारले, "माऊली, काही त्रास होतो का?" ते म्हणाले, "त्रास कसला? काहीच नाही. पण विणा माझ्याकडं आहे ना. मी चक्कर येऊन पडलो तर विणा खाली टेकेल." सप्ताहात विणा जमिनीवर ठेवायची नसते, ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावरच जाते, हे आपण सारे जाणतो. त्या गृहस्थांना स्वतःच्या पडण्याची चिंता नव्हती. विणेच्या पडण्याची होती. म्हणूनच ते गावच्या सरकारी दवाखान्यात न चुकता जात होते.

दुसऱ्या एक मावशी. महाप्रसादाच्या चुलीवर त्यांनी कित्येक वर्षे सेवा केली. शंभर माणसांचे पिठले असो वा हजारांची खिचडी, मिठाचा अंदाज त्यांचाच. एका षष्ठीच्या आठ-दहा दिवस आधी त्या कार्यालयाच्या दारात आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, काखेत गाठ लागतिया हाताला. दुखत तर नाही. एवढी षष्ठी होऊ द्या, मग दाखवून येईन म्हणते." माझ्यापुढे शिध्याची यादी होती. मी मान वर करून म्हणालो, "बरं मावशी, षष्ठी होऊ द्या." षष्ठी झाली. पाठोपाठ लग्नसराई आली, पेरणी आली, आषाढी आली. दिवाळीनंतर त्या शहरातील रुग्णालयात गेल्या, तेव्हा गाठ एकट्या काखेपुरती उरली नव्हती. पुढच्या षष्ठीला त्या चुलीजवळ नुसत्या बसून होत्या. त्याच्या पुढच्या षष्ठीला त्या नव्हत्या.

या दोघांपैकी कोणाच्याही जीवनाला प्रयोजन नव्हते असे म्हणता येईल काय? दोघेही एकाच परमार्थमार्गाचे पथिक, दोघेही सेवेत गढलेले. तरीही एकाचे प्रयोजन त्याला दवाखान्यापर्यंत घेऊन गेले आणि दुसरीचे प्रयोजन तिच्या वाटेत आडवे आले. असे का व्हावे?

आधुनिक संशोधनाने या प्रश्नाचा एक भाग तपासून पाहिला आहे. एरिक किम, व्हिक्टर स्ट्रेचर व कॅरोल रिफ या अमेरिकन अभ्यासकांचा एक निबंध २०१४ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ७,१६८ स्त्री-पुरुषांचा त्यांनी सहा वर्षे मागोवा घेतला. 'माझ्या जगण्याला दिशा आहे, हेतू आहे' ही भावना प्रत्येकात किती प्रबळ आहे, हे प्रश्नावलीच्या साहाय्याने सहा पायऱ्यांच्या मापावर आधी मोजले आणि त्यातील कोण कोणत्या तपासण्या करून घेतो हे पुढे पाहिले. हेतूची भावना जितकी प्रबळ, तितके रक्तातील कोलेस्टेरॉल, स्तन, गर्भाशयमुख, मोठे आतडे व पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी यांची तपासणी करून घेण्याचे प्रमाण अधिक आढळले. शिवाय त्या मापावरील प्रत्येक पायरीगणिक रुग्णालयात काढाव्या लागलेल्या रात्री सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरल्या. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी घडली असे सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि त्यामागील विचार आपल्या अनुभवाशी जुळणारा आहे. ज्याला उद्या काही करावयाचे आहे, तो उद्याची राखण आज करतो. विणेकरी बुवांनी हेच एका वाक्यात सांगितले होते.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा, म्हणजे तीन मूलभूत इच्छा, सांगितल्या आहेत. प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा. यांत प्राणैषणेला पहिले स्थान आहे. प्राण गेले तर सर्वच गेले, असे त्याचे कारण तेथे दिले आहे. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आचार्यांनी परलोकाची इच्छा गौण ठरवली नाही, तिच्याकडे जाणारी वाट देहाच्या उंबऱ्यावरून जाते एवढेच सांगितले. त्याच संहितेत रोगांचे एक मोठे कारण म्हणून 'प्रज्ञापराध' हा शब्द येतो. धी, धृती व स्मृती, अर्थात कळणे, कळलेले धरून ठेवणे आणि वेळेवर आठवणे, या तिहींपैकी काही ढळले की मनुष्याच्या हातून स्वतःचेच अहित घडते. मावशींना गाठ कळली होती. मलाही ती कळली होती. उणीव ज्ञानाची नव्हती. कळलेले आम्ही दोघांनीही धरून ठेवले नाही आणि वेळेवर आठवले नाही. हा अपराध दोघांचा होता, आणि त्यातील मोठा वाटा माझा.

येथे कोणी म्हणेल, दुखत नसताना दवाखान्यात जाऊन काय मिळते? याचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या मातीत मिळालेले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला होता. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने व टाटा रुग्णालयाचे डॉ. शास्त्री ही त्यातील प्रमुख नावे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी ग्रामीण स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे चार गट करून तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटात नेहमीची वैद्यकीय व्यवस्था तेवढी राहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्या गटात योजली होती, त्या ३४ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी ६४ जणी दगावल्या. एका वेळच्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटास ती तपासणी त्या काळी मिळाली नाही यावरून पुढे वैद्यकीय नीतीची कठोर चर्चाही झाली, आणि ती होणे योग्यच होते. त्या चौसष्ट जणीही कोणाच्या तरी आई, बहिणी, लेकी होत्या.

हा रोग शरीरात हळूहळू, अनेक वर्षे घेऊन वाढतो आणि आरंभी वेदना देत नाही. वाढलेला रक्तदाबही बहुधा काहीच सांगत नाही. स्तनातील वा काखेतील गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून 'दुखत तर नाही' हे आपले आवडते वाक्य निर्धास्तपणाचे कारण ठरू शकत नाही. जिल्हाभरातील त्या स्त्रिया घरचे काम, शेतातील मजुरी बाजूला ठेवून, अंगात काही दुखत नसताना तपासणीला आल्या, याचे मोल मला फार वाटते. दुखण्यापायी दवाखान्यात जाणे सोपे असते, वेदनाच माणसाला हाताला धरून नेते. वेदनेवाचून जायचे तर धरून नेणारे दुसरे काही लागते. तेथे प्रयोजन उपयोगी पडते.

मग मावशींचे प्रयोजन उपयोगी का पडले नाही? मी यावर पुष्कळ विचार केला. मला त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले असे की, त्यांचे प्रयोजन त्या एका षष्ठीशी बांधलेले होते. 'एवढी षष्ठी' हा शब्द त्यांनी वापरला होता. आपल्याकडे स्त्रिया 'एवढे लग्न', 'एवढी परीक्षा', 'एवढे बाळंतपण' म्हणत म्हणत वर्षे काढतात. विणेकरी बुवांची दृष्टी एका वारीवर नव्हती, विणा ज्यांच्या हातून आली आणि ज्यांच्या हाती जाईल, त्या सर्वांवर होती. प्रयोजन जेव्हा एका दिवसापुरते आखूड होते, तेव्हा ते देहाला वापरून घेते. जेव्हा ते दीर्घ होते, तेव्हा देहाला जपते.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. आपल्यावाचून चूल पेटणार नाही असे त्यांना वाटत होते आणि आम्ही त्यांना तसे वाटू दिले. एका दिवसासाठी झारा दुसऱ्या हाती देता आला असता. स्वतः नाथ महाराजांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. इ. स. १५९९ मध्ये ज्या फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला, तीच आपण नाथषष्ठी म्हणून पाळतो. त्यांचे भावार्थ रामायण तेव्हा अपुरे होते, आणि पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेल्या गावबाने ते पूर्ण केले, अशी परंपरा सांगते. रामकथेसारखे कार्य जर दुसऱ्या हाती सोपवता येते, तर पिठल्याचा झारा का सोपवता येऊ नये? आपले कार्य थोर आहे असे मानणे ही श्रद्धा झाली. ते आपल्याच हातून व्हावे, क्षणभरही अडू नये असे मानणे, यात श्रद्धेबरोबर थोडी अहंता मिसळते. आणि दुसऱ्याच्या या भ्रमाचा लाभ घेणे हा तर सरळ अन्याय होय.

२०२२ साली नवरात्रारंभी, २६ सप्टेंबरपासून, महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाने अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची मोहीम राबवली. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' असे तिचे नाव होते. मोहीम स्तुत्यच होती आणि नावही मनाला भिडणारे. स्वतःसाठी जी पाऊल उचलत नाही, ती घरासाठी उचलेल, हे ओळखून ते योजले असावे. परंतु त्या वाक्यापाशीच थांबलो तर एक धोका उरतो. घर सुरक्षित राहावे म्हणून मातेला जपायचे, तर जिला घर उरले नाही तिचे काय? मुले शहरात गेली, पती निवर्तला, हात थकले आणि 'आता माझं काय राहिलंय?' असे जी म्हणते, तिने कशासाठी तपासणीला जावे? दर्शनाच्या रांगेत अशा कितीतरी आजी, कितीतरी आजोबा मला दिसतात. प्रयोजनाचे गुणगान करताना, ज्यांचे प्रयोजन हरवले आहे त्यांना आपण दोषी ठरवत नाही ना, हे पाहिले पाहिजे. मनुष्य उपयोगी आहे म्हणून मोलाचा नसतो. जो ईश्वर विणेकऱ्याच्या हृदयात आहे, तोच त्या आजींच्याही हृदयात आहे, आणि तो तेथे काही कामासाठी राहत नाही.

शिवाय प्रयोजन हे प्रत्येकाने एकट्याने शोधून काढण्याची वस्तू नव्हे. ते दिलेही जाते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य सुरू केले. त्यांनी गावोगावच्या साध्या स्त्रियांना शिकवून ग्रामआरोग्य सेविका बनवले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी समाजाने दूर लोटलेल्या घरांतून आल्या होत्या. गरोदर स्त्रीची तपासणी, बालकांचे लसीकरण, शुद्ध पाणी, म्हणजे आजार होण्यापूर्वीची सारी निगा, हेच त्यांचे काम. १९७९ साली आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. जिला कोणी विचारत नव्हते, तिला गावाने विचारायला सुरुवात केली, हे मला त्या कार्याचे मोठे फळ वाटते. ज्याला कोणी विचारते त्याला उद्या असतो, आणि ज्याला उद्या असतो तोच त्याची तयारी करतो.

आणखी एक आक्षेप भाविकांच्या मनात येतो. देह नाशिवंत, मरण कोणाला चुकले आहे, मग देवावर भार टाकून स्वस्थ का राहू नये? कार्यालयात बसणाऱ्या मला याचे उत्तर कार्यालयाच्याच भाषेत सुचते. मंदिराची मालमत्ता विश्वस्तांची नसते, देवाची असते. ती आपली नाही म्हणून विश्वस्त तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतात काय? उलट, आपली नाही म्हणूनच अधिक जपावे लागते. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० सालापासून कायदा आहे, त्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. लेखापरीक्षक येतात म्हणून कोणी चोर ठरत नाही. शिखराला तडा गेला आहे का हे आपण पावसाळ्यापूर्वी पाहतो, गाभाऱ्यात पाणी ठिबकण्याची वाट पाहत नाही. देहही असाच आपल्या स्वाधीन केलेला एक न्यास आहे. त्याचा मोह नको, हे संतांचे सांगणे शिरोधार्य. पण निर्मोही असणे निराळे आणि बेफिकीर असणे निराळे. विश्वस्ताला मोह नसतो, परंतु हिशेब द्यावा लागतो. वैद्याने नाडी वा रक्तदाब पाहणे हे मृत्यूला चुकवणे नव्हे. जितके आयुष्य हाती आहे, त्याचा हिशेब चोख ठेवणे होय.

अर्थात तपासणीलाही मर्यादा आहेत. ती अमरत्व देत नाही, आणि वाटेल त्या तपासण्यांच्या मागे लागून भयग्रस्त होणे हाही देहाचा अतिरेकी मोहच. परंतु वयाच्या तिशीनंतर रक्तदाब व मधुमेह, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठीची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य करण्याची योजना आहे. गावपातळीवरील या केंद्रांना २०२३ सालापासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव मिळाले आहे. मंदिराच्या वाटेवरच्या भाविकाला दुसऱ्या एका मंदिराची पायरी जड वाटू नये.

मावशी गेल्यानंतर आमच्याकडे एक लहानसा पालट झाला. षष्ठीच्या सेवेसाठी नावे नोंदवली जातात, त्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. माघ महिन्यात प्रत्येक सेवेकऱ्याला एक दिवस सेवेतून मोकळा केला जातो, त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभे राहील त्याचे नाव आधीच लिहिलेले असते, आणि तपासणी करून आल्यावर समोर खूण केली जाते. पहिल्या वर्षी काही जण हसले. एक सेवेकरी रागावलेही, "देवाच्या कामात ही कसली चौकशी?" म्हणाले. मी त्यांना मावशींची हकिकत सांगितली. माझे वाक्यही सांगितले. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आले.

भाविकहो, आपण दूरवरून येता, नारळ वाढवता, संकल्प सोडता. अन्नदानासाठी, जीर्णोद्धारासाठी उदार हस्ते देणगी देता. त्याबद्दल संस्थान आपले ऋणी आहे. आज आपल्याजवळ आणखी एक मागणे आहे, त्याची पावती फाडली जाणार नाही. घरी परतल्यावर स्वतःच्या तपासणीचा एक दिवस ठरवा, आणि ज्याला कोणी विचारत नाही अशा एकास सोबत न्या. आपल्या घरी, दुकानात, शेतात जी माणसे आपले काम अडू नये म्हणून स्वतःचे दुखणे सांगत नाहीत, त्यांच्याकडे एकदा मान वर करून पाहा. आणि त्यांच्यापैकी कोणी दारात उभे राहून "एवढे होऊ द्या" म्हणाले, तर कृपा करून "बरं" म्हणू नका. हातातली यादी खाली ठेवा आणि त्यांच्याबरोबर निघा.

सर्वांना उत्तम आरोग्य व दीर्घायुष्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
कार्यालयीन सचिव
बिडकीन